चाळिशीनंतर धावायला लागताना ठोके कसे मोजायचे: क्रम, आकडे आणि नेहमीच्या चुका

चाळिशी-पन्नाशीत धावायला सुरुवात करणारे बहुतेकजण एकच चूक करतात. ठोके मोजणारं घड्याळ मनगटावर चढवतात आणि त्याच सकाळी धावायला निघतात. चार मिनिटांत पडद्यावर हृदयाचे मिनिटाला १७१ ठोके दिसतात. कुणी घाबरून धावणंच सोडतं, कुणी घड्याळ बिघडलंय म्हणून आकड्याकडे बघणं सोडतं, आणि कुणी उद्या १८० पर्यंत नेऊ म्हणून आणखी जोर लावतं. तिघांचीही अडचण सारखीच आहे. तो आकडा कशाशी ताडून बघायचा, हे त्यांच्याकडे तयारच नाही.

माझ्यासोबत धावायला येणाऱ्या नवख्या मंडळींना मी पहिले दहा दिवस, तपासणीपुरतं सोडलं तर, धावूच देत नाही. त्यांना ते आवडत नाही. पण पुढचा सगळा हिशेब त्या दहा दिवसांवर उभा राहतो. खालचे टप्पे ज्या क्रमाने दिलेत त्याच क्रमाने घ्या.

टप्पा १: डॉक्टरांकडे नेमकं काय विचारायचं

नुसतं "चेकअप करायचंय" म्हणू नका. "मी इतकी वर्षं व्यायाम केलेला नाही आणि आता धावायला सुरुवात करायची आहे" असं स्पष्ट सांगा, कारण त्यावरून तपासण्या बदलतात. बीपी, साखर, कोलेस्टेरॉल, सिगारेट-तंबाखू यांतलं काहीही असेल, वडील किंवा भावाला ५५ च्या आत किंवा आई-बहिणीला ६५ च्या आत हृदयविकार झाला असेल, जिना चढताना छातीत दाटल्यासारखं होत असेल, कधी चक्कर येऊन पडला असाल, तर ही भेट टाळायची नाही.

पडून काढलेला ईसीजी नॉर्मल आला म्हणजे धावायला मोकळे झालो, असं समजू नका. तो हृदय आरामात असतानाचा असतो. ताण पडल्यावर ते कसं वागतं हे बघायला स्ट्रेस टेस्ट लागते, आणि ती करायची की नाही हे डॉक्टर ठरवतील. टेस्ट झालीच तर रिपोर्ट जपून ठेवा. त्यात ठोके कुठपर्यंत गेले आणि टेस्ट का थांबवली, हे लिहिलेलं असतं. अनेकदा ठोके वयावरून अंदाजलेल्या कमाल ठोक्यांच्या ८५ टक्क्यांवर पोहोचले की ती थांबवतात. अशा वेळी तो आकडा तुमचा कमाल आकडा नसतो, तिथे फक्त टेस्ट थांबवलेली असते.

तीन प्रश्न लिहून न्या. माझ्यासाठी ठोक्यांची काही वरची मर्यादा आहे का? माझ्या गोळ्यांनी ठोके बदलतात का? कोणत्या लक्षणावर मी लगेच थांबायचं?

यातला दुसरा प्रश्न सगळ्यात जास्त विसरला जातो. मेटोप्रोलॉल, अटेनोलॉल, बिसोप्रोलॉल यांसारख्या बीटा-ब्लॉकर गोळ्या ठोके फारसे वर जाऊ देत नाहीत. डिल्टियाझेम आणि व्हेरापामिल यांचाही तसाच परिणाम होतो. काचबिंदूसाठी टिमोलॉलचे थेंब घालणाऱ्यांनाही हे लागू पडू शकतं, आणि डोळ्यांचं औषध म्हणून ते डॉक्टरांना सांगायचं राहून जातं. उलट, दम्याचा साल्ब्युटामॉल पंप, जास्त झालेला थायरॉइडचा डोस आणि सर्दीच्या काही गोळ्या ठोके वाढवतात.

थांबा: ठोके कमी ठेवणारी औषधं चालू असतील तर टप्पा ४ मधली सूत्रं तुमच्यासाठी नाहीत. डॉक्टरांनी दिलेली मर्यादा आणि टप्पा ५ मधली श्वासाची चाचणी, एवढ्यावरच चाला. धावायचंय म्हणून गोळी चुकवू नका. बीटा-ब्लॉकर अचानक बंद करणं धोक्याचं असतं.

टप्पा २: सात सकाळी बोटांनी नाडी मोजा

घड्याळ असलं तरी बोटांनीच मोजा, कारण पुढे घड्याळ खरं बोलतंय का हे याच सवयीवर तपासायचं आहे.

जाग आल्यावर पडूनच राहा. फोन उघडायचा नाही, चहा-कॉफी घ्यायची नाही. लघवीला जावंच लागलं तर जाऊन या आणि पाच मिनिटं परत पडून राहा. एका हाताचा तळवा वर करा. अंगठ्याच्या बुडाखाली, मनगटाच्या हाडाच्या आतल्या बाजूला जी खोबण लागते, तिथे दुसऱ्या हाताची तर्जनी आणि मधलं बोट ठेवा. अंगठा वापरू नका, त्याची स्वतःची नाडी हाताला लागते आणि मोजणी चुकते. दाबही हलकाच ठेवा. जोरात दाबलं की नाडी हरवते आणि लोक जागा बदलत बसतात.

आता स्टॉपवॉच ज्या ठोक्यावर सुरू कराल त्या ठोक्याला "शून्य" म्हणा, "एक" नाही. पूर्ण ६० सेकंद मोजा. पंधरा सेकंद मोजून चारने गुणलं तर एका ठोक्याची चूक चार ठोक्यांची होते. धावताना ती चालवून घ्यावी लागते, सकाळी अंथरुणात पडल्या पडल्या घाई करण्याचं कारण नाही.

सात दिवसांचे आकडे चढत्या क्रमाने लावा आणि मधला घ्या. समजा, ७४, ७१, ७२, ७९, ७२, ७०, ७३ आले. क्रमाने लावले की ७०, ७१, ७२, ७२, ७३, ७४, ७९, आणि मधला ७२. रात्री जागरण झालं त्या दिवशीचा ७९ सरासरीत घुसून आकडा फुगवतो, मधला आकडा त्याने हलत नाही. हे तुमचे विश्रांतीचे ठोके.

तपासा: श्वास आत घेताना नाडी किंचित जलद आणि सोडताना किंचित संथ होणं स्वाभाविक आहे. पण ठोक्यांना काही तालच नसेल, मध्येच गाळले जात असतील, विश्रांतीचे ठोके सतत १०० च्या वर असतील, किंवा ५० च्या खाली असून चक्कर येत असेल, तर पुढे जाऊ नका. आधी डॉक्टर.

मनगटावर नाडी सापडत नसेल तर मानेवर मोजता येते, पण एकाच बाजूला आणि हलक्या हाताने. दोन्ही बाजू एकदम दाबल्या तर भोवळ येऊ शकते.

टप्पा ३: घड्याळ खरं बोलतंय का

मनगटावरचं घड्याळ त्वचेवर प्रकाश टाकून खालच्या रक्ताची हालचाल वाचतं. छातीचा पट्टा हृदयाचे विद्युत संकेत पकडतो. धावताना हात सतत हलतो, म्हणून घड्याळ जास्त फसतं. पट्टाच हवा असं नाही, मात्र जे वापराल ते नीट लावा.

घड्याळ मनगटाच्या हाडावर नको. हाडापासून दोन बोटं वर, कोपराच्या बाजूला सरकवा. धावताना पट्टा एक घर घट्ट करा, इतका की हात झटकला तरी घड्याळ जागचं हलणार नाही पण बोटांना मुंग्या येणार नाहीत. परत आल्यावर सैल करा. सेन्सरखाली गडद गोंदण असेल तर दुसऱ्या हाताला बांधा. थंडीत हात गार पडलेले असताना पहिली दहा मिनिटं आकडे भरकटतात, ते मनावर घेऊ नका.

छातीच्या पट्ट्याच्या आतल्या पट्ट्या बांधण्याआधी पाण्याने ओल्या करा. कोरड्या लावल्या की घाम येईपर्यंत वाटेल ते आकडे दिसतात.

मग तीनदा ताडून बघा: खुर्चीत बसून, पाच मिनिटं झपझप चालून, आणि दोन मिनिटं अगदी सावकाश धावून. धावण्यानंतर थांबल्या थांबल्या नाडी धरा आणि १५ सेकंदच मोजून चारने गुणा, कारण थांबल्यावर ठोके भराभर उतरतात. पाच-सहाचा फरक चालेल. वीसचा चालणार नाही.

एक फसवणूक मात्र जवळून बघायला हवी, कारण तिने माझा जवळजवळ महिना खाल्ला. धावायला लागलं की मिनिटाभरात घड्याळ १६८ दाखवायचं आणि तिथेच ठाण मांडून बसायचं, चढावर १६८ आणि उतारावरही १६८. मी मात्र शेजारच्याशी निवांत बोलत असायचो. हृदयाचं काहीतरी बिनसलंय या धास्तीने मी आणखी हळू धावू लागलो, आकडा तसाच. शेवटी एके दिवशी उजवा पाय जमिनीला टेकण्याची मोजदाद केली. तीस सेकंदांत ४२ वेळा. म्हणजे दोन्ही पायांची मिनिटाला १६८ पावलं. घड्याळ माझं हृदय मोजतच नव्हतं, ते हाताच्या हेलकाव्यातून माझी पावलं मोजत होतं. थांबून नाडी धरली तर १३६.

तपासा: धावताना ३० सेकंद उजव्या पावलाची मोजणी करा आणि चारने गुणा. उत्तर घड्याळाच्या आकड्याजवळ आलं आणि तुम्हाला दम लागलेला नसेल, तर आकडा पावलांचा आहे. अर्धं मिनिट थांबा, घड्याळ आणखी वर सरकवून घट्ट करा, पुन्हा निघा. रोजच असं होत असेल तर छातीचा किंवा दंडावरचा पट्टा घ्या.

टप्पा ४: तुमचे आकडे काढा

कमाल ठोक्यांसाठी "२२० वजा वय" सगळ्यांना पाठ असतं. दुसरं सूत्र आहे २०८ वजा (०.७ × वय). चाळिशीला दोन्हींचं उत्तर १८० येतं, नंतर ती वेगळी होत जातात. साठीला पहिलं १६० सांगतं, दुसरं १६६. मी दुसरं वापरतो. पण दोन्ही अंदाजच आहेत आणि १०-१२ ठोके इकडे-तिकडे असणं अगदी नेहमीचं आहे. शेजारी धावणारा तुमच्याच वयाचा आणि तुमच्याइतकाच निरोगी असूनही त्याचा कमाल आकडा तुमच्याहून २० ने वेगळा असू शकतो. म्हणून त्याचे आकडे उसने घेऊ नका.

वय ४६, विश्रांतीचे ठोके ७२ धरून हिशेब असा:

कमाल: २०८ − ३२ = १७६
राखीव ठोके (कमाल वजा विश्रांतीचे): १७६ − ७२ = १०४
खालची मर्यादा, राखीवच्या ५० टक्के: ७२ + ५२ = १२४
वरची मर्यादा, राखीवच्या ६५ टक्के: ७२ + ६८ = १४०

पहिले तीन महिने तुमचं सगळं धावणं १२४ ते १४० मध्ये. त्यापुढचे झोन, म्हणजे घड्याळात दिसणारे ठोक्यांचे गट, सध्या विसरा.

सर्वांत मोठा घोळ इथे होतो. कुठेतरी "६० टक्क्यांवर धावा" असं वाचलेलं असतं, पण ६० टक्के कशाचे हे बघितलेलं नसतं. कमाल आकड्याचे ६० टक्के म्हणजे १०६, त्यात अनेकांचं झपझप चालणंही बसत नाही. राखीव ठोक्यांवरून काढलेले ६० टक्के म्हणजे १३४. घड्याळातले झोनही बहुधा जन्मतारखेवरून आपोआप ठरलेले असतात. सेटिंगमध्ये जाऊन कमाल आणि विश्रांतीचे ठोके स्वतः भरा, आणि झोन "हार्ट रेट रिझर्व्ह"वरून, म्हणजे राखीव ठोक्यांवरून, काढण्याची सोय असेल तर ती निवडा.

थांबा: खरा कमाल आकडा शोधायचा म्हणून जीव तोडून धावू नका. ती चाचणी सरावलेल्या माणसांची आहे. तुम्हाला सध्या त्या आकड्याची गरजही नाही.

टप्पा ५: आकडा श्वासाशी जुळवून घ्या

सपाट रस्ता निवडा. दहा मिनिटं चाला, मग चालण्याहून जेमतेम वेगात धावायला लागा आणि मोठ्याने बाराचा पाढा म्हणा. "बारा एके बारा, बारा दुणे चोवीस, बारा त्रिक छत्तीस" असं दोन-तीन ओळी एका श्वासात जात असतील तर वेग बरोबर आहे. वेग अगदी थोडा वाढवत न्या. ज्या क्षणी प्रत्येक ओळीनंतर श्वास घ्यावा लागतो, "बारा चोक..." म्हणून मध्येच थांबावं लागतं, त्या क्षणीचा आकडा बघा.

तो १४७ असेल तर वरची मर्यादा १४२ च्या आसपास ठेवा. १३४ लाच दम तुटला तर मर्यादा १३०. दोन-तीन वेगवेगळ्या दिवशी करून बघा. सेन्सर तपासलेला असेल आणि तरी सूत्र व श्वास यांचं जुळत नसेल, तर मी श्वासाचं ऐकतो. अपवाद एकच. डॉक्टरांनी मर्यादा दिली असेल तर ती सगळ्यांच्या वर.

टप्पा ६: थांबण्याची लक्षणं, धावण्याआधीच पाठ करा

छातीत दाब, जळजळ किंवा आवळल्यासारखं वाटणं, वेदना जबड्यात, हातात, पाठीत जाणं, डोळ्यांपुढे अंधारी, नेहमीपेक्षा वेगळा, न ओसरणारा दम, छातीत फडफड. यांतलं काहीही झालं तर लगेच थांबा, बसा, मदत मागा. मधुमेह असलेल्यांमध्ये आणि स्त्रियांमध्ये छातीत न दुखता नुसती मळमळ, घाम, अचानक गळून गेल्यासारखं वाटणं, एवढंच दिसू शकतं. बरं वाटेल म्हणून चालत राहू नका, स्वतः गाडी चालवत दवाखान्यात जाऊ नका.

घड्याळात आकडा ठीक दिसतोय म्हणून लक्षणाकडे दुर्लक्ष करायचं नाही. घड्याळ ठोके मोजतं, रक्तवाहिनीतला अडथळा त्याला दिसत नाही.

उलट प्रसंगही येतो. काहीच त्रास नसताना आकडा १३० वरून एकदम १९० होतो. थांबा, नाडी धरा. बोटांना १३० लागले तर सेन्सर चुकला. बोटांनाही १९० लागले, किंवा मोजताच येत नाहीत इतके जलद लागले, तर बसा आणि मदत मागा. ते आपोआप उतरले तरी त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.

टप्पा ७: आता बाहेर पडा

मोजणीच्या त्या दहा दिवसांनंतरचे पहिले दोन आठवडे नुसतं झपझप चालणं, आठवड्यातून तीन-चार दिवस, अर्धा तास. ठोके किती होतात ते फक्त बघायचं.

तिसऱ्या आठवड्यापासून, एक दिवसाआड: दहा मिनिटं चालणं, मग एक मिनिट धावणं आणि दोन मिनिटं चालणं अशा आठ फेऱ्या, शेवटी पाच ते दहा मिनिटं चालणं. हे शेवटचं चालणं कापू नका. धावता धावता एकदम उभं राहिलं की रक्त पायांत साचतं आणि चक्कर येते.

इथे एक गोष्ट समजून घ्या. पाय पळायला लागले की ठोके लगेच पूर्ण वर जात नाहीत, त्यांना अर्धं ते दोन मिनिटं लागतात. एका मिनिटाच्या धावण्यात घड्याळ १२५ दाखवतं, म्हणून माणूस वेग वाढवतो, आणि चालायला लागल्यावर आकडा १४८ वर जाऊन पोहोचतो. म्हणून छोट्या फेऱ्यांमध्ये धावताना पाढा म्हणा आणि घड्याळ चालण्याच्या शेवटी बघा. तिथे आकडा १२० च्या आसपास उतरला असेल तरच पुढची फेरी. नसेल तर आणखी एक मिनिट चाला.

तपासा: दुसऱ्या आणि शेवटच्या फेरीनंतर चालण्याच्या शेवटी किती ठोके होते? शेवटचा आकडा १० ते १५ ने जास्त असेल तर पुढच्या आठवड्यात फेऱ्या तशाच ठेवा. जवळपास सारखा असेल तर दोन मिनिटं धावणं, दोन मिनिटं चालणं. मग तीन आणि दोन, मग पाच आणि एक.

धावण्याचा तुकडा पाच मिनिटांवर गेला की घड्याळात वरच्या मर्यादेची सूचना लावा आणि दर दहा पावलांना मनगट बघणं थांबवा. सूचना वाजली की चाला, १५-२० ठोके उतरू द्या, मग पुन्हा धावा. चढ आला की चाला. वेग हास्यास्पद वाटेल इतका कमी असेल, लोक चालत तुमच्या पुढे जातील. जाऊ द्या. मर्यादा १४० ठरवून रोज १५५ ला धावणारे लोक मी पाहिलेत. दीड महिन्यात गुडघा, पोटरी किंवा उत्साह यांतलं काहीतरी संपतं.

टप्पा ८: आकडा उगाच वर का

तोच रस्ता, तोच वेग, आणि ठोके १२ ने जास्त. ऊन आणि दमट हवा, कमी पाणी, अपुरी झोप, कॉफी, आदल्या रात्रीचं मद्य, मनावरचा ताण, अंगात मुरलेला ताप: बहुतेकदा कारण यांतलं असतं. तीस-चाळीस मिनिटांनंतर वेग न बदलताही ठोके हळूहळू चढत जातात, विशेषतः उन्हात, कारण शरीर थंड ठेवायला रक्त त्वचेकडे वळतं आणि घामाने रक्तातलं पाणी कमी होतं. अशा दिवशी आकडा धरून ठेवा आणि वेग सोडून द्या. याच्या उलट करणारेच उन्हात आडवे होतात.

सकाळचे ठोके नेहमीच्या मधल्या आकड्यापेक्षा ७-८ ने जास्त असतील तर त्या दिवशी फक्त चाला. ताप असेल तर तेही नाही. ताप उतरल्यावरही सकाळचे ठोके मूळ जागी येईपर्यंत धावणं बंद.

टप्पा ९: नोंद आणि फेरहिशेब

वहीत चारच रकाने पुरतात: सकाळचे ठोके, हवा कशी होती, शेवटच्या दहा मिनिटांचे सरासरी ठोके, पाढा म्हणता आला का. दर चार आठवड्यांनी तोच रस्ता, तीच वेळ, वीस मिनिटं, मर्यादेच्या आत. किती अंतर झालं ते लिहा. रोजच्या रोज तुलना करू नका, हवाच वेगळी असते.

धावणं थांबवून हळू चालताना पहिल्या एका मिनिटात ठोके किती उतरले, तेही लिहा. महिनोन्महिने हा आकडा वाढत जायला हवा. पुन्हा पुन्हा १२ किंवा त्याहून कमीच उतरत असतील तर ती वही डॉक्टरांना दाखवा.

आठ आठवड्यांनी पुन्हा सात सकाळी नाडी मोजा आणि टप्पा ४ परत करा. समजा, ७२ चे ६६ झाले. राखीव ठोके ११०, मर्यादा १२१ ते १३८. दोन्ही मर्यादा दोन-तीन ठोक्यांनी खाली सरकल्या म्हणून लोक गोंधळतात, हिशेब चुकला समजून जुनेच आकडे ठेवतात. हिशेब बरोबर आहे. हृदय आता एका ठोक्यात जास्त रक्त ढकलतंय, म्हणून १३८ ला तुम्ही आधीच्या १४० पेक्षा पुढे जाता. नवे आकडे घड्याळात भरा, वरच्या मर्यादेची सूचनाही बदला. ती जुन्या आकड्यावर तशीच राहून जाते.